शेंदूर लावलेला पाहुणा

माझ्या माहेरी, हिवरखेडला, पिंजरा लावायचा तर तोंड बंद ठेवून लावायचा असा नियम होता. उंदीर हा शब्द त्या दिवशी घरात कोणी काढायचा नाही. "आज पाहुण्यासाठी तुकडा ठेवा," एवढंच आई म्हणायची. उंदराला सगळं ऐकू जातं आणि तो राग धरतो. ज्यानं त्याच्या मरणाची गोष्ट काढली त्याचंच कापड तो कुरतडतो, बाजूला घडी करून ठेवलेल्या दुसऱ्याच्या कापडाला शिवतसुद्धा नाही. याबद्दल आमच्या घरात कोणाला शंका नव्हती. माझ्या मोठ्या काकीनं एकदा भर अंगणात उंदरांना शिव्या दिल्या आणि आठ दिवसांत तिच्या लग्नाच्या शालूला ताटलीएवढं भोक पडलं. तो शालू अजून आहे. ज्याला पाहायचा असेल त्यानं पाहून यावा.

मला लहानपणापासून बोलणं जमत नाही. पाहुणे आले की मी दाराआड. शाळेत चौथीपर्यंत गेले. मास्तरांनी विचारलं की उत्तर यायचं, पण तोंडातून निघायचं नाही, मग मी ते पाटीवर लिहून दाखवायची. या पोरीचं कसं होईल म्हणून घरात सगळ्यांना घोर होता. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की पिंजरा लावायला हिच्यासारखं माणूस घरात दुसरं नाही. तेव्हापासून ते काम माझं.

लग्न होऊन वलगावला आले तर तिथंही सासूबाईंना आठ दिवसांत हा गुण समजला. माझ्या भाकरीला, चालण्याला, केसांना त्यांनी नावं ठेवली, पण चार बायकांत म्हणायच्या, "आमची सून बोलत नाई, पण तिच्या हातचा पिंजरा रिकामा जात नाई." वीस वर्षांत सासरी झालेलं माझं कौतुक एवढंच.

हे सगळं सांगितलं ते यासाठी की पुढं जे झालं ते एका वाक्यात थांबलं असतं, आणि ते वाक्य वेळेवर माझ्याकडून निघालं नाही.

मुलगी बारावी झाली आणि मेडिकलच्या परीक्षेत थोडक्यात राहिली. तिला पुन्हा बसायचं होतं. क्लास अमरावतीला, राजापेठेत. आमची वलगावला फुलांची शेती आहे, झेंडू आणि शेवंती. मालक, म्हणजे मुलीचे वडील, रोज सकाळी फुलं घेऊन अमरावतीच्या बाजारात येतात, पण मुलीला रोज येणंजाणं करून अभ्यास होत नव्हता. त्यांनी खूप विचार केला आणि एका जेवणाच्या वेळी सांगितलं, "एक वर्ष देतो. एकच. जमलं तं जमलं, नाई तं पोरीले वापस आणजो. मंग काय करायचं थे मी पाहीन."

काय करायचं ते सगळ्यांना माहीत होतं. मोर्शीकडच्या एका स्थळाचा दोन वेळा फोन येऊन गेला होता.

मुलीला जेवू घालायला म्हणून मीही राजापेठेत आले. खाली आमच्या दोन खोल्या, वर घरमालक. ते पूजा सांगायला जायचे, म्हणून सगळी गल्ली त्यांना गुरुजी म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू. खोली दाखवतानाच काकूंनी सांगितलं, "एक आहे हं वहिनी. आमच्या घरात जीवहत्या होत नाही. झुरळसुद्धा आम्ही सुपलीत घेऊन बाहेर सोडतो." मी मान हलवली. मला वाटलं, झुरळांचंच असेल.

त्या दोन खोल्यांत मला एक गोष्ट मिळाली जी मी कोणाला सांगितली नाही. दुपार. मुलगी क्लासला गेली की तीन तास कोणी हाक मारायचं नाही. वलगावला दुपार म्हणजे फुलं तोडायची, नाही तर हार ओवायचे. इथं मी पहिल्यांदा खाली बसले आणि मुलीच्या जुन्या रजिस्टरमध्ये उरलेल्या कोऱ्या पानांवर लिहायला लागले. तिला वाटायचं मी किराण्याची यादी करते. वर्षभरात तिला कधी प्रश्न पडला नाही की दोन माणसांना एवढा किराणा कशाला लागतो.

तर मुलीचं वर्ष गेलं असतं तर माझी दुपारही गेली असती. हे मी आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढं मी काही फक्त तिच्यासाठी केलं असं कोणाला वाटू नये.

पहिल्यांदा रजिस्टरचा पुठ्ठा कुरतडलेला दिसला. मग एक दिवस मुलगी सकाळी ओरडली, "आई! यानं हार्ट खाल्लं!"

मी पोळी तव्यावर टाकून धावत आले. "कोणाचं?"

"माह्या नोट्समधलं! अख्खा धडा, आकृतीसकट. सरनं तीन दिवस लिहून देल्ला होता." ती पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. "या रूममधी एक तं तो राहीन नाई तं मी."

हृदयाचा धडा खरंच नव्हता. त्याच्या मागचं मूत्रपिंड त्यानं चाखून सोडून दिलं होतं.

ह्या नोट्स बाजारात मिळत नाहीत. वर्गात बोललेलं तिनं वर्षभर हातानं लिहून काढलं होतं. मी लोखंडी पेटी घेतली, तीत निम्मी रजिस्टरं मावली. बाकीची तिला रोज लागायची, ती पलंगावर, फरशीवर, खिडकीत पसरलेली असायची. परीक्षा अडीच महिन्यांवर आली होती.

मी हार्डवेअरच्या दुकानात गेले. गर्दी कमी होईपर्यंत बाजूला उभी राहिले, मग वर टांगलेल्या पिंजऱ्याकडं बोट दाखवलं.

"हा? उंदराचा?" दुकानदार मोठ्यानं म्हणाला.

"हळू," मी म्हटलं.

"काहून? त्याले दुकानातलं ऐकू जाते का?" दुकानात होते नव्हते ते सगळे हसले. "गोंदाचा पुठ्ठा घ्या ना वहिनी, चिटकला की खेळ खतम. नाई तं औषधाची वडी देऊ?"

मी मान हलवून पिंजराच घेतला. त्या माणसाच्या घरी नक्की सगळे कपडे कुरतडलेले असणार.

वर जाऊन काकूंना पिंजरा दाखवला. त्यांनी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी म्हणाले, "पकडायला हरकत नाही. पण मारायचं नाही. दूर नेऊन सोडा. शेवटी बाप्पाचं वाहन आहे ते."

कांद्याच्या भज्याचा तुकडा तारेला लावला, तोंडातून शब्द काढला नाही, आणि सकाळी पाहुणा पिंजऱ्यात होता. राजापेठेत सकाळी सातला पाय ठेवायला जागा नसते. सगळ्या गाड्या, सगळी मुलं, सगळ्यांच्या पाठीवर पिशव्या. त्यातून मी पिंजरा कापडी पिशवीत घालून, छातीशी धरून नाल्याकडं चालले. एका मुलीनं गाडी हळू केली. "काकू, डब्बा देता का तुम्ही? महिन्याचा कसा आहे?" पिशवीतून खडखड झाली. मी म्हटलं, "सध्या नाही," आणि पुढं गेले.

नाल्याच्या पलीकडं रिकामा प्लॉट होता. तिथं सोडला. दोन दिवसांनी पुन्हा तेवढाच मोठा एक सापडला. पुन्हा सोडला. चौथ्या दिवशी तिसरा. मी पिंजरा घेऊन निघाले तर काकू वरून जिन्यात उभ्या.

"वहिनी, तोच आहे हो हा. शेपटी बघा त्याची."

गुरुजी मागून डोकावले. "तोच कसा असेल? नाला ओलांडून येईल होय? मला तर हा वेगळ्या गोत्रातला वाटतो."

"तुम्हाला काय कळतं त्याचं गोत्र?"

"आणि तुला शेपटी कळते!"

दोघांचं चालू राहिलं. मुलगी बूट घालत होती, ती मला म्हणाली, "सोपं हाय आई. खूण करून सोड. आमच्या पुस्तकात हाय, जनावरं मोजाची हीच पद्धत हाय. खूण केलेलं पुन्हा सापडलं तं तोच समजाचा."

"कायनं करू?"

"कायनंबी कर. नेलपॉलिश लाव," असं म्हणून ती क्लासला गेली.

घरात नेलपॉलिश नव्हतं. अभ्यास सुरू झाल्यापासून तिनं ते सगळं सोडलं होतं. हळद धुऊन जाते. नीळ काळ्यावर दिसत नाही. मग फळीवर शेंदराची डबी दिसली. आमच्या वावरात विहिरीजवळ मारोती आहे, त्याला शनिवारी तेल-शेंदूर लागतो, तो मालक माझ्याकडून राजापेठेतून मागवायचे. तेलात कालवलेला शेंदूर दगडावरून तीन पावसाळे जात नाही, मग उंदरावरून कसा जाईल, एवढाच माझा विचार. उदबत्तीच्या काडीला कापूस गुंडाळला, शेंदरात बुडवला आणि पिंजऱ्याच्या तारेतून त्याच्या मानेमागं, जिथं त्याची जीभ पोचणार नाही, तिथं रुपयाएवढा ठिपका लावला. तो शांत बसून होता. लावून घेतल्यासारखा.

आमच्याकडं शेंदूर कशाला लावतात ते मला माहीत नव्हतं असं नाही. वावरातला तो मारोती शेंदूर लागायच्या आधी वखराला अडणारा दगड होता, हे सगळ्या वलगावला माहीत आहे. माझ्या आजेसासऱ्यांनी त्याला शेंदूर लावला आणि त्या दिवसापासून वखर त्याला वळसा घालून जातो. पण त्या सकाळी मला यातलं काहीही आठवलं नाही. मी फक्त पुस्तकातली पद्धत करत होते.

नाल्यापलीकडं सोडून आले. तिसऱ्या दिवशी संकष्टी होती.

सकाळी मी पूजेसाठी झेंडूची फुलं घेऊन वर चालले होते. मालक रोज थोडी काकूंसाठी टाकून जायचे. जिन्याच्या वळणावर होते तेवढ्यात वरून काकूंची हाक आली. ती भ्याल्याची हाक नव्हती.

"अहो! थांबा, हलू नका! बघा, बघा, बाप्पाचा उंदीर!"

देवघराच्या दारातून मला दिसलं. चौरंगाच्या पायाशी माझा पाहुणा गूळखोबरं खात बसला होता. मानेवर शेंदराचा लालभडक ठिपका. गुरुजींच्या हातात पळी तशीच राहिली होती.

"पन्नास वर्षं पूजा करतोय," ते अगदी हळू म्हणाले. "असं कधी पाहिलं नाही."

काकूंनी हात जोडले, डोळ्यांतून धारा. उंदरानं खोबरं संपवलं, मिशा पुसल्या आणि समईमागून निघून गेला.

तो शेंदूर मी लावला. चारच शब्द होते. ते घशापर्यंत आले आणि तिथंच बसले, मास्तरांच्या प्रश्नाच्या उत्तरासारखे. पाटी असती तर लिहून दाखवले असते. मी फुलं दारात ठेवली आणि खाली आले.

दुपारपर्यंत गल्लीला कळलं. बायका येऊन जिन्यात वाकून पाहायला लागल्या. समोरच्या वकिलीणबाईंनी मोतीचूर आणला. काकूंनी चांदीची वाटी जिन्याच्या वळणावर ठेवली, म्हणजे आमच्या दारापासून सहा पायऱ्यांवर, आणि तीत रोज गूळखोबरं. संध्याकाळी गुरुजी स्वतः खाली आले आणि पिंजरा उचलून म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. पण आता हे नको." त्यांनी तो टाकून दिला नाही. वर नेऊन पुसून माळ्यावर ठेवला. शेवटी देवाचं वाहन त्यात बसलं होतं.

मुलगी क्लासहून आली, तिनं सगळं ऐकलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"आई. तू शेंदूर लावला?"

"तूच म्हणे कायनंबी लाव."

ती पलंगावर पडून हसली. पोट धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चार दिवसांनी केमिस्ट्रीच्या रजिस्टरचा चुरा हातात घेऊन ती बसली तेव्हाही डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती हसत नव्हती. चांदीच्या वाटीचा लाभ घ्यायला आता बिनशेंदराचेही यायला लागले होते. गूळखोबऱ्यावर त्यांना तोंडी लावायला आमचे कागद होते.

"आई, वर जाऊन सांग."

"तू सांग ना."

"मी सांगतलं तं म्हणतीन, पोट्टी शिकली अन् देव विसरली. तू लावला, तू सांग."

बरोबर होतं तिचं. पण बरोबर असलेलं सांगायलाही तोंड लागतं.

बुधवारी मालक भाजी द्यायला आले आणि त्यांना ते रजिस्टर दिसलं. पानं उलटून पाहिली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "इथं राहूनबी असंच होत असन तं घरीच चाला. आपल्या घरीबी उंदरं हायेत, पण त्याईले खायाले गहू हाय, पुस्तक नाई लागत." दारातून वळून म्हणाले, "आईतवारी गाडी घेऊन येतो. सामान बांधून ठेवजो."

मुलगी काही बोलली नाही. ती माझ्यासारखी गप्प बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, आणि मला ते आवडलं नाही.

गुरुवारी दुपारी मी लिहायला बसले नाही. ते चार शब्द तोंडात घोळवत बसले. मग फुलांची पुडी घेतली, वाटीला वळसा घालून वर गेले. काकू वाती वळत होत्या, गुरुजी झोपाळ्यावर. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "तो शेंदूर मी लावला."

काकूंचे हात थांबले. मी सगळं सांगितलं. पिंजरा, नाला, पुस्तकातली पद्धत, उदबत्तीची काडी. मधेमधे थांबले, पण सांगितलं. मग खाली मान घालून उभी राहिले, की आता खोली सोडायला सांगतील.

काकूंनी वाती बाजूला ठेवल्या. मग काकू म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? वहिनींच्या हातून लावून घेतला त्यानं!"

"काकू, तसं नाही, मी..."

"मला एक सांगा. घरात हळद होती. कुंकू होतं. मग तुम्हाला शेंदूरच का सुचला?"

"तो निघत नाही म्हणून."

काकूंनी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी झोपाळा थांबवला. "निघत नाही म्हणून," ते म्हणाले. "सहज बोलल्या बाई, पण केवढं बोलल्या!"

काकूंनी उठून मला कुंकू लावलं आणि माझी ओटी भरली. मी देव खाली उतरवायला गेले होते. देव होता तिथंच राहिला आणि मला घेऊन एक पायरी वर चढला.

मुलीनं ओटीतला नारळ पाहून विचारलं, "सांगतलं?"

"सांगतलं."

"मंग?"

मी नारळ दाखवला.

शुक्रवारी बायका वर जायच्या आधी आमच्या दारात थांबायला लागल्या. वकिलीणबाई म्हणाल्या, "आमच्या मुलाचं पुण्याला होईल का हो काही?" मला कुठून माहीत असणार? मी काही बोलले नाही. त्यांनी माझ्याकडं थोडा वेळ पाहिलं, मान डोलावली, आणि समाधानानं गेल्या. दुसरीनं सुनेचं विचारलं. मी गप्प. तीही समाधानानं गेली. आयुष्यभर ज्या गप्प बसण्यावरून बोलणी खाल्ली, त्याला आता बायका उत्तर समजत होत्या, आणि प्रत्येकीला आपल्याला पाहिजे तेच उत्तर मिळत होतं.

शनिवारी सकाळी मी ताटं-वाट्या बांधत होते. काकू खाली आल्या, चेहरा उतरलेला.

"वहिनी, दोन दिवस वाटीतलं तसंच आहे. बाप्पाचा उंदीर शिवतसुद्धा नाही. त्याला काय हवं असेल हो? तुम्हालाच कळेल."

त्याला काय हवं होतं ते मला दिसतच होतं. फिजिक्सचा निम्मा भाग त्याच्या पोटात होता, गूळखोबऱ्याला जागा नव्हती. मी नेहमीसारखी गप्प बसले असते तर काकू मान डोलावून गेल्या असत्या आणि उद्या गाडी आली असती. बांधलेल्या ताटांकडं पाहिलं, मुलीच्या पाठीकडं पाहिलं. ती भिंतीकडं तोंड करून वाचत होती, वलगावला जायचं असूनही वाचत होती.

"त्याले वलगावले जायचं हाय," मी म्हटलं.

मुलीनं मान वळवली.

"वलगावला?" काकू म्हणाल्या.

"शेंदूर आमच्या वावरातल्या मारोतीचा हाय. त्याच्याच डबीतला. ज्याचा शेंदूर लागला त्याच्याकडं गेल्याशिवाय तो आता इथलं खाणार नाई." एवढं सलग मी कोणाशी कधी बोलले नव्हते, आणि त्यातली डबी तरी खरी होती.

काकू वर गेल्या. वर बोलणं ऐकू आलं, मग गुरुजी उतरून आले. मला वाटलं, आता पकडली गेले. ते म्हणाले, "माझ्या हे लक्षात कसं आलं नाही? पोचवायलाच हवं. पण न्यायचं कसं?"

मी माळ्याकडं बोट दाखवलं.

काकूंनी पिंजरा घासूनपुसून आणला, खाली खणाचा तुकडा अंथरला. आत मोदक ठेवायला निघाल्या. मी म्हटलं, "मोदकानं नाई येत. भजं लागते."

"भजं?"

"कांद्याचं."

त्यांच्या घरी शनिवारी कांदा चिरत नव्हते. काकू क्षणभर उभ्या राहिल्या. मग गुरुजींकडं न पाहता कढई ठेवली. तारेला तुकडा मी लावला, कोणालाही बोलू दिलं नाही.

रविवारी सकाळी पिंजऱ्यात दोन होते. एक शेंदराचा, एक बिनशेंदराचा.

"हा दुसरा कोण?" काकूंनी विचारलं.

"घरचं माणूस असेल," गुरुजी म्हणाले.

"त्याचं कुटुंब हाय," मी म्हटलं. आता मला थांबता येत नव्हतं. "पाच-सहा असतीन अजून. मागं राह्यले तं थो तिथं रमणार नाई. एकेक करून सगळ्याईले न्या लागन."

मुलीनं ओढणी तोंडात धरली आणि आतल्या खोलीत गेली.

मालक छोटा हत्ती टेम्पो घेऊन आले तेव्हा फाटकात काकू आरतीचं तबक घेऊन उभ्या, गुरुजी सोवळ्यात, आणि मधे ओट्यावर खणावर पिंजरा. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "हे काय होय वं?"

"यायले वलगावले न्यायचं हाय," मी हळूच सांगितलं. "आपल्या मारोतीजवळ."

"काहून? माह्या वावरात उंदरं कमी पडले का?"

एवढ्यात गुरुजींनी त्यांच्या खांद्यावर उपरणं टाकलं आणि हातात नारळ दिला. "भाग्य लागतं याला," ते म्हणाले. "आणि एक विनंती आहे. वहिनी आणि मुलगी इथंच राहू द्या. ज्यांच्या हातून एवढं घडलं त्यांना मी परीक्षेच्या आधी या घरातून जाऊ देणार नाही. मुलीच्या अभ्यासाची जबाबदारी बाप्पाची."

बाजारात सकाळी कोणाचंही ऐकून न घेणारा माझा नवरा उपरणं, नारळ आणि दोन उंदीर घेऊन राजापेठेत उभा होता. त्यानं नारळ काखेत धरला. पिंजरा उचलून झेंडूच्या रिकाम्या टोपल्यांत ठेवला आणि गेला. सामान मी पुन्हा सोडलं.

पुढच्या महिन्याभरात आणखी पाच गेले. दर वेळी कांद्याचं भजं काकूंनी तळलं, दर वेळी एक जण फुलांच्या गाडीतून वलगावकडं निघाला. मारोतीपर्यंत त्यांतला एकही पोचला नाही. मालकांनी नंतर सांगितलं, पेढी नदीचा पूल यायच्या आत ते एकेकाला सोडून द्यायचे. "तुया काकूनं विचारलं तं मारोतीनं ठेवून घेतले म्हणजो," म्हणाले. काकूंनी विचारलं. मी तसंच सांगितलं.

मुलीनं परीक्षा दिली. बाहेर आली आणि पहिलं वाक्य हेच, "आई, हार्टवरचा प्रश्न होता. नाई आला." बाकीचे पुरेसे आले असावेत, कारण अकोल्याला तिचा नंबर लागला. ती म्हणते हे तिच्या अभ्यासानं झालं. काकू म्हणतात बाप्पानं केलं. मालक चारचौघांत सांगतात की एक वर्ष देऊन पाहायचं त्यांनीच ठरवलं होतं. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी गप्प बसले असते आणि तिघांनाही आपलंच खरं वाटलं असतं.

आता मी वलगावला आहे. पिंजरा पुन्हा माझ्याकडं. सकाळी एखादा सापडला की मी आधी त्याची मान पाहते. अजून तरी कोणी ओळखीचा आलेला नाही.

दुपारी फुलं तोडायची असतात. पण हार ओवून झाल्यावर थोडा वेळ मी पेटी उघडते आणि हे रजिस्टर काढते. सासूबाईंनी परवा विचारलं, "काय लिवतं वं एवढं?" मी म्हटलं, किराण्याची यादी. हे मुलीचंच आहे, ज्यात हृदयाचा धडा होता ते. तो धडा आता नाही, पण मूत्रपिंडानंतरची पानं कोरी राहिली होती, त्यावर हे लिहिलं. खालचे कोपरे खाल्लेले आहेत, म्हणून प्रत्येक पानावर माझ्या शेवटच्या दोन ओळी आखूड होतात.